खुर्ची बाहेर

"आजी, आज ठिणगी बसून बोलतेय," नात म्हणाली, आणि आजीच्या हातातल्या टॉवेलची घडी अर्धवटच राहिली. तिने वर पाहिलं. टीव्हीवर ठिणगी कुठेही बसलेली नव्हती. एका जांभळ्या ग्रहाच्या कड्यांमधून ती सुसाट चालली होती, केस मागे, मूठ पुढे, पाठीमागे घरांएवढाले दगड लागलेले, आणि तशातही ती बंद पडलेल्या यानातल्या मंडळींना ओरडून सांगत होती की घाबरू नका, मी आलेच. एवढ्या धावपळीत असलेल्या मुलीला बसलेली म्हणायचं म्हणजे माणूस आंधळा तरी हवा, नाहीतर... नाहीतर काय, ते आजीला पुढे सुचेना. नात आंधळी नव्हती. ती सोफ्यावर आडवी होती, प्लास्टरमधला डावा पाय उशांवर, आणि पडद्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. प्लास्टरच्या कडेला लोंबणारा एक धागा उपटण्यात ती गढून गेली होती. चहात साखर कमी पडलीय हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात ती बोलली आणि बोलून मोकळी झाली. "उडतेय की चांगली," आजी जाड्याभरड्या आवाजात म्हणाली. "चित्र उडतंय," नात म्हणाली. "ती बसलीय."

आणि ती बसलीच होती. तो भाग रेकॉर्ड झाला तेव्हा ठिणगी हातांच्या खुर्चीत, पाठीला उशी लावून, उजव्या गुडघ्याला गरम पट्टा गुंडाळून बसली होती. कारण ठिणगी म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून हीच, टॉवेलांच्या घड्या घालणारी, साठीला टेकलेली, उठताना दर वेळी तीन टप्प्यांत "आई... आई... गं" म्हणणारी आजी. मालिका सुरू झाल्यापासून तो आवाज तिचा. हे आजोबांना ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, जावयाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जिला ऐकून आभाळ ठेंगणं झालं असतं तिला. तो मुलीचा निर्णय. ती म्हणाली होती, आई, तिला जरा मोठी होऊ दे, आत्ता सांगितलंस तर तिला ठिणगीच्या जागी तू दिसायला लागशील. आजीला हे थोडं लागलं होतं, पण म्हणणं बरोबर होतं. रात्री पेल्यात कवळी ठेवणारी अवकाशवीर कोणाला हवी असते? तेव्हापासून नातीशी बोलताना ती आवाज मुद्दाम जाड करायची, घशाच्या तळातून काढायची, आणि पोरीची पक्की समजूत झाली होती की आपल्या आजीला जन्मापासून सर्दी आहे.

पण बसलेली ओळखावी? टॉवेल कपाटात लावताना तिचे हात चालले होते आणि डोकं तिथेच अडकून पडलं होतं. त्या भागावर दिग्दर्शकबाईंनी मान डोलावली होती. चॅनेलच्या माणसांनी तो डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, त्यांना एका दगडाचा रंग खटकला, आवाज नाही खटकला. खुद्द मुलीने फोन करून छान झालाय म्हटलं होतं. सगळ्यांच्या कानांवरून गेलेली गोष्ट प्लास्टरचा धागा उपटता उपटता या चिमुरडीने पकडली. आजीला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात तिला पोरीचं कौतुकही वाटलं, आणि एकाच वेळी दोन्ही वाटल्यामुळे तिने टॉवेल चादरींच्या कप्प्यात ठेवले.

नातीच्या पायाचं दुखणंही ठिणगीचंच. मालिकेतली ठिणगी एरवी एक साधी शाळकरी मुलगी, दुसऱ्या बाकावर बसणारी, पाढे विसरणारी, बाईंनी नाव घेतलं की खाली बघणारी. कुठे संकट आलं की ती जिन्याखालच्या अडगळीत जाते, डाव्या पायातला बूट उजव्यात घालते, उजव्यातला डाव्यात, आणि मग ती कोण होते ते सांगायलाच नको. शाळेत कोणाला पत्ता नाही, घरी कोणाला पत्ता नाही. ही बुटांची कल्पना ज्याला सुचली त्याला आयांनी शोधून काढून जाब विचारायला हवा होता, कारण मालिका लागल्यापासून दारादारांतून पोरं उलटे बूट घालून फेंगडी चालत होती. नात तशीच उलट्या बुटांनिशी जिन्याच्या वरच्या पायरीवरून अवकाशात झेपावली आणि खाली फरशीवर आली. आई-बाप कामाला जाणार, म्हणून प्लास्टर निघेपर्यंत मुक्काम आजीकडे. पोरीचा पाय मोडला यात आपलाही हात आहे असं आजीला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि त्यापायी ती मागेल तेवढी बिस्किटं देत होती.

आवाज तर तिचा जन्मापासूनच असा होता, पातळ, वर चढलेला, वयाबरोबर मोठं व्हायचं विसरून गेलेला. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि तू नुसते ओठ हलव हं बाळ, म्हणून सांगितलं होतं. तिने पाच-सहा इयत्ता नुसते ओठ हलवले आणि बक्षीस घेताना सगळ्यांबरोबर टाळ्याही घेतल्या. पुढे लग्न झालं, मूल झालं, तरी फोन उचलला की पलीकडचा माणूस म्हणायचा, बाळ, घरात मोठं कोणी आहे का? सुरुवातीला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ती नाही म्हणून सांगायला लागली आणि कितीतरी नको ती माणसं परस्पर कटली. एकदा असाच एक चुकीचा नंबर लागला. पलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं, बेटा, बाबा आहेत का? ती त्या दिवशी कशावरून तरी चिडलेली होती. ती म्हणाली, बाबा वारले, आई वारली, मी इथली सगळ्यात मोठी आहे आणि मला एक मुलगी आहे, बोला. मग म्हातारा म्हणाला, तुम्ही उद्या मला भेटायला येऊ शकाल का? हा ठिणगीचा पहिला दिग्दर्शक. आयुष्यभर ज्या आवाजाची लाज वाटली तो कोणाला तरी हवा होता, नुसता हवा नव्हता तर तसाच हवा होता, आणि त्या दिवशी परत येताना ती फुटपाथवरून स्वतःशी मोठ्याने बोलत आली होती.

म्हातारा हेकट होता. त्याचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. शाळेतली मुलगी खुर्चीत बसून बोलणार, ठिणगी उभी राहून, अनवाणी. अवकाशातला प्रसंग आला की काचेपलीकडून तो ओरडायचा, "खुर्ची बाहेर!" नुसती बाजूला सारलेली चालत नसे. दार उघडून खुर्ची खोलीबाहेर जायला हवी, दार पुन्हा लागायला हवं, मगच लाल दिवा. खुर्ची खोलीत असली की माणसाला कळतं आपण बसू शकतो, आणि मग ते आवाजाला कळतं, असं त्याचं म्हणणं. म्हातारा गेला, त्याच्या हाताखालची मुलगी दिग्दर्शकबाई झाली, पण नियम राहिला. ओरडण्याचं काम रेकॉर्डिस्टकडे आलं. त्याला सगळे बटणदादा म्हणत, कारण यंत्रावरची बटणं तो न बघता दाबायचा आणि शर्टाची मात्र नेहमी चुकीची लावायचा. बटणदादाने हाक दिली की स्टुडिओतल्या चहावाल्यापासून सगळ्यांना कळायचं, ताई निघाल्या अवकाशात.

मग गुडघा सुरू झाला. आधी जिन्यात, मग सपाटीवर, मग नुसतं उभं राहिलं तरी. या खेपेच्या भागांच्या वेळी एका उड्डाणात ती मध्येच थांबली, भिंतीला हात लावला, आणि माफ करा म्हणाली. दिग्दर्शकबाई धावत आत आल्या. ताई, बसून करा ना, कोण बघतंय. खुर्ची आत राहिली. बटणदादाने हाक दिली नाही. तो फक्त यंत्राकडे तोंड करून चष्मा पुसत बसला, खूप वेळ, आणि आजीला त्याची ती भलमनसाई कुणी खेकसण्यापेक्षा जास्त टोचली. काचेपलीकडे त्या दिवशी एक तरुण मुलगीही होती. मोकळी, हसरी, ठिणगीचा हुबेहूब आवाज काढणारी, कधी गरज पडली तर असावी म्हणून बोलावलेली. काम संपल्यावर दिग्दर्शकबाईंनी आजीचा हात हातात घेतला. पुढची मालिका सुरू होतेय. करणार असाल तर तुम्हीच, पण तब्येतीवर ओढून नको. शुक्रवारपर्यंत कळवाल का? इतकं गोड बोलल्या की रागवायलाही जागा ठेवली नाही.

तर आता सगळं या एका प्रश्नापाशी आलं होतं, ठिणगी सोडायची की ठेवायची, आणि नातीचं ते एक वाक्य येईपर्यंत आजी ठेवायच्या बाजूला होती. कोणाला कळलं नाही ना, मग झालं, असा तिने मनाशी निकाल लावून टाकला होता. आता तो निकाल फिरला. भांडी विसळताना ती दिग्दर्शकबाईंना सांगायचं वाक्य जुळवू लागली. मला वाटतं आता नव्या मुलीला... नको, मला वाटतं काय, आता पुरे. खूप मजा आली. हे मजा आली तोंडात आलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि ती नळ जोरात सोडायची. आजोबांनी विचारलं, काय झालं? ते निवृत्त शिक्षक, पदार्थविज्ञान शिकवलेले, आणि बायकोच्या कामाविषयी त्यांचा एकच आक्षेप सुरुवातीपासून होता, की पोकळीत आवाज जातच नाही, तेव्हा ठिणगी कितीही ओरडली तरी यानातल्या लोकांना ते ऐकू येणं शक्य नाही. तुझी नोकरीच मुळात अशास्त्रीय आहे, ते म्हणायचे, आणि प्रत्येक भाग पहिल्या रांगेत बसून पाहायचे. ती म्हणाली, बहुतेक सोडतेय मी. त्यावर ते शास्त्रातलं काही बोलले नाहीत. ओला पेला तिच्या हातातून घेऊन त्यांनी पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, "घरात फार शांतता होईल गं." ती घरात कधी ठिणगीसारखी ओरडत नव्हती, तरीही ते काय म्हणताहेत ते तिला कळलं.

गुरुवारी दुपारी ती पोरीला औषध द्यायला निघाली आणि दाराबाहेरच थबकली. आत टीव्ही चालू होता. "यानातल्या लोकांनो, दार उघडू नका, हवा जाईल," ठिणगी सांगत होती, आणि काय सांगत होती, खणखणीत, टाचा उचलून, छाती भरून. आजीला वाटलं हा जुना भाग दिसतोय, चांगल्या दिवसांतला. तिने दार ढकललं. टीव्ही बंद होता. नात पलंगावर उताणी पडली होती, प्लास्टरचा पाय भिंतीवर उंच टेकवलेला, उजव्या पायात डाव्याचा बूट. एकाच पायात बूट असल्यामुळे ती अर्धीच ठिणगी होऊ शकत होती, पण त्याने तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं. आजी पलंगाच्या कडेला टेकली, औषधाची बाटली मांडीवर. आवाज जाड करायला तिला क्षणभर वेळ लागला.

"तू तर आडवी आहेस," ती म्हणाली. "मग तुझी ठिणगी कशी काय उभी?"

"अवकाशात उभं-आडवं नसतंच, आजी. आजोबांना विचार. वर कुठे नि खाली कुठे, कोणालाच माहीत नसतं."

"मग त्या दिवशी टीव्हीतली बसलीय म्हणालीस ते?"

नातीने छताकडे बघून विचार केला. बूट काढला, पुन्हा घातला. "ती जपून बसली होती," ती म्हणाली. "आपल्याला काहीतरी होईल म्हणून. ठिणगी जपून नसते. शाळेत असते तेव्हा असते." मग तिने औषधासाठी तोंड उघडलं आणि ते कडू आहे म्हणून तोंड वाकडं केलं, आणि तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

आजी रिकामा चमचा घेऊन बसून राहिली. तो दिवस तिला पुन्हा दिसायला लागला, या वेळी आतून. खुर्चीत ती कशी बसली होती? परक्याच्या घरी बसतात तशी, अंग चोरून. प्रत्येक वाक्याआधी तिला गुडघा आठवत होता, परतीचा जिना आठवत होता, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय हे आठवत होतं. काचेपलीकडची मुलगी टाळूला जीभ लावून मनातल्या मनात तीच वाक्यं म्हणतेय का, हे ती चोरून बघत होती. घाबरू नका, मी आलेच, असं ती दगडांच्या वर्षावातून म्हणाली होती, आणि म्हणताना स्वतः घाबरलेली होती. म्हणजे गुडघ्यावर उगाच आळ घेतला की काय आपण? मग आतून काहीतरी फसफसून वर आलं आणि ती हसली, मोठ्याने. नातीने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

शुक्रवारी ती फोन न करता थेट स्टुडिओत गेली. तिला बघताच सगळ्यांचे चेहरे पडले, चहावाला तर कप खाली ठेवून उभाच राहिला, आणि आतल्या कपाटाच्या दाराआडून केकच्या खोक्याचा एक कोपरा बाहेर आलेला तिला स्पष्ट दिसला. तिने तो न पाहिल्यासारखं केलं. अजून न लागलेल्या भागांतले अवकाशाचे प्रसंग मला पुन्हा करायचेत, ती म्हणाली, आणि मग पुढच्या मालिकेचं बोलू. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, ताई, पण उभं राहून तुम्हाला... उभं राहून नाही, आजी म्हणाली. माइक खाली घ्या. आणखी खाली. पार जमिनीपाशी. आणि चपला काढून ती आवाजाच्या खोलीत गेली, खुर्चीचा हात धरून आधी एका गुडघ्यावर आली, मग दुसऱ्या, आणि आई, आई, गं करत त्या जाड गालिच्यावर उताणी पसरली.

आडवं पडल्यावर पडदा दिसत नाही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि चित्र दिसल्याशिवाय ओठांना ओठ जुळायचे कसे? तेव्हा ती नवी मुलगी आपणहून आत आली, गुडघ्यांवर बसली आणि टॅब्लेट दोन्ही हातांनी आजीच्या तोंडावर छत्रीसारखा धरून राहिली. आता सगळं जागच्या जागी होतं, फक्त खुर्ची तेवढी कोपऱ्यात उभी होती. बटणदादा यंत्रापासून उठला. कामाच्या वेळात त्याला कोणी उठलेलं पाहिलं नव्हतं. तो आत आला, खुर्ची उचलली, उशीसकट, आणि दारात उभा राहून त्या बंद खोल्यांना हादरा बसेल असा ओरडला, "खुर्ची बाहेर!" त्याचं शेवटचं बटण नेहमीसारखंच चुकलेलं होतं. दार लागलं. लाल दिवा लागला.

पाठीखाली जमीन होती आणि जमिनीखाली काही नव्हतं. गुडघा कुठे होता तिला आठवेना. श्वास पोटापर्यंत गेला आणि तिथून मागच्या रांगेतली, नुसते ओठ हलवणारी एक मुलगी मोकळ्या गळ्याने ओरडली की घाबरू नका, मी आलेच, आणि टॅब्लेट धरणाऱ्या पोरीचे हात दचकून हलले. दुपारभर ती उडत होती. शेवटी दोघांनी धरून तिला उठवलं, तेव्हा ती पुन्हा तीन टप्प्यांत कण्हली, आणि माइक चालूच राहिलेला असल्यामुळे तेही रेकॉर्ड झालं. दिग्दर्शकबाईंनी ते पुसू दिलं नाही. ठिणगी दगडाखालून सुटते ना, तिथे हेच हवं, त्या म्हणाल्या. केक निघाला. त्यावर निरोपाचं काहीतरी लिहिलेलं होतं, ते चहावाल्याने सुरीने सारखं केलं. नवी मुलगी दंड चोळत म्हणाली, मला काही घाई नाही ताई, फक्त पुढच्या वेळी टॅब्लेटला स्टँड आणा.

तो भाग लागला त्या दिवशी मुलगीही आलेली होती. दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघणार होतं आणि पोरीला ती घरी न्यायला आली होती. आजोबा पहिल्या रांगेत. आजी सोफ्याच्या टोकाला, चपला खाली काढून ठेवलेल्या, जीव टांगणीला. पडद्यावर ठिणगी झेपावली. नात प्लास्टरचा धागा उपटायची थांबली. तिने मान थोडी कलती केली. "आज बसली नाहीये," ती हळूच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "उभीपण नाहीये." ठिणगी भल्यामोठ्या दगडाखाली सापडली, जोर लावला, आणखी जोर लावला, आणि सुटताना म्हणाली, आई... आई... गं.

नात वळली. पडद्याकडे नाही, आजीकडे. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली, कपाळापासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत. तिचं तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं.

"काय गं, काय झालं?" तिच्या आईने विचारलं.

"काही नाही," नात म्हणाली, खाली बघत, दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या आवाजात.

मग सगळ्यांचं लक्ष पुन्हा टीव्हीकडे गेल्यावर ती सोफ्यावरून वाकली, प्लास्टरचा पाय सांभाळत, हात खाली सोडून, आणि आजीच्या चपला चाचपून तिने डावीच्या जागी उजवी ठेवली, उजवीच्या जागी डावी. भाग संपला. चहा ठेवायला आजी उठली, खाली पाहिलं, आणि निमूटपणे पाय तसेच सरकवले. चपला बाहेरच्या बाजूला फाकल्या होत्या आणि अंगठे आत घुसत होते.

"आई, चपला उलट्या घातल्यास," मुलगी म्हणाली.

"असू दे गं," आजी म्हणाली, आणि तशीच फेंगडी चालत स्वयंपाकघराकडे गेली. त्या गडबडीत आवाज जाड करायचा राहूनच गेला.